शिक्षा 'मान्य केली' की 'पत्करली'?

विट्याच्या एका शिक्षिकेने विचारले आहे: नववीच्या वर्गाला 'अन्यायाने झालेली शिक्षा नागरिकाने मानावी का?' हा निबंध दिला होता. एका मुलीने लिहिले, 'सॉक्रेटिसने शिक्षा मान्य केली.' सहकारी सर म्हणतात, 'पत्करली' हवे. खरेच फरक आहे का?

आहे, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. 'मला शिक्षा मान्य आहे' हे वाक्य 'मला पटते'च्या जातीचे. त्यात मनाचा कौल येतो. 'मान्य केली' म्हटले तरी तो कौल मागे राहतोच. 'मी शिक्षा पत्करतो' यात कृती आहे. आपण धोका पत्करतो, हार पत्करतो, मरण पत्करतो: किंमत ठाऊक असते, ती मोजायची तयारी असते, पण पटलेले असतेच असे नाही. शिक्षेला अन्याय म्हणतानाही माणूस ती पत्करू शकतो. मान्य मात्र करू शकत नाही.

सॉक्रेटिसचेच पाहा. ख्रिस्तपूर्व ३९९ मध्ये अथेन्समध्ये दोषी ठरल्यावर 'तूच शिक्षा सुचव' असे न्यायालयाने म्हणताच त्याने नगराच्या खर्चाने जेवणाचा मान मागितला! दोष मान्य असलेला माणूस असे बोलेल का? पुढे त्याचा मित्र क्रायटो याने तुरुंगातून पळवून न्यायची तयारी केली, तेव्हा मात्र तो नाही म्हणाला. जन्मभर ज्या कायद्यांच्या आश्रयाने राहिलो, मोकळीक असूनही जे नगर सोडले नाही, त्याचे कायदे आता कसे मोडू, असे त्याचे म्हणणे. गांधीजींनी १९२२ च्या राजद्रोहाच्या खटल्यात गुन्हा कबूल केला आणि कडक शिक्षा मागितली, तीही कायदा अन्यायाचा आहे हे कोर्टात सांगूनच. त्यांना सहा वर्षे झाली. दोघांनीही पत्करली.

'भोगणे' इथे मी टाळीन. त्याला कर्माच्या भोगाचा वास आहे, जणू पदरात पडले ते आपलेच होते. 'सोसणे' त्यापेक्षा प्रामाणिक.

आता आपल्या सांगली जिल्ह्याकडे. १९३० मध्ये बिळाशीच्या लोकांनी जंगल सत्याग्रह केला, म्हणजे जंगलाचा कायदा उघडपणे मोडला, तो पत्करण्याच्या वाटेने. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा पाटील आणि साथीदार सांगलीच्या तुरुंगातून निसटले, दादांना गोळी लागली. त्याबद्दल इथे कुणी 'शिक्षा चुकवली' म्हणत नाही, 'जेल फोडला' म्हणतात. चुकवणे स्वतःपुरते आणि चोरून असते. फोडणाऱ्याला ती सत्ताच मंजूर नसते. साताऱ्यात नाना पाटलांचे प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना समांतर सरकार, तर न्यायदानही स्वतःच करत होते, मग इंग्रजांची शिक्षा पत्करायची कशाला?

माझे मत विचाराल तर, जिथे मत देता येते, अपील करता येते, उघड बोलता येते, तिथे कायदा मोडणाऱ्याने शिक्षा पत्करावी आणि अन्याय आहे हे ओरडून सांगावे. जिथे यातले काहीच नाही, तिथे जेल फोडणाऱ्याला मी दोष देणार नाही.

तेव्हा बाई, मुलीच्या वाक्यात 'पत्करली' करा, पण गुण कापू नका. गोंधळ विषयातच आहे. 'मानणे'चे अर्थ दोन, पाळणे आणि पटणे, आणि 'मानावी का?' वाचून तिने दुसरा धरला. पुढच्या वर्षी विषय 'पत्करावी का?' असा द्या.