पट्टकृमीच्या शुक्राणूत डोकं-शेपूट दिसत नाही: टीईएमचं चित्र कसं वाचायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मागूर माशातल्या पट्टकृमीचे टीईएमसाठी (ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी) छेद घेतले, पण शुक्राणूचं डोकं, मधला भाग, शेपूट यांपैकी काहीच ओळखू येत नाही. तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) एकही नाही आणि प्रत्येक आडवा छेद वेगळाच दिसतो. मग फिक्सेशन (ऊती रसायनात टिकवण्याची क्रिया) बिघडलं का?

फिक्सेशन बिघडलेलं असूही शकेल, त्याकडे नंतर येतो. पण तुम्ही सांगताय ती लक्षणं बिघाडाची नाहीत. पट्टकृमीचा शुक्राणू असाच असतो. तो सगळा एक लांब, बारीक धागा आहे. ॲक्रोसोम (शुक्राणूच्या डोक्यावरची टोपी) नाही, तंतुकणिका नाही, आणि केंद्रक डोक्यात नसून धाग्याच्या मागच्या भागात ॲक्सोनीमच्या (कशाभिकेच्या आतल्या सूक्ष्मनलिकांच्या गाभ्याच्या) शेजारी लांबट पसरलेलं असतं. तंतुकणिका नसणं हे तर खऱ्या पट्टकृमींचं ओळखलक्षणच आहे. त्यांच्या जवळच्या गायरोकॉटिलिडिया आणि ॲम्फिलिनिडिया या गटांच्या शुक्राणूत ती असते, खऱ्या पट्टकृमींत गेलेली आहे. तेव्हा पाठ्यपुस्तकातली सस्तन प्राण्याच्या शुक्राणूची आकृती बाजूला ठेवा.

छेद वेगवेगळे दिसतात त्याचं कारण साधं आहे. शुक्रवाहिनीत हे धागे शेवयांच्या जुडीसारखे पडलेले असतात. एका कापात प्रत्येक धागा वेगळ्या उंचीवर कापला जातो. अख्खा शुक्राणू एका चित्रात कधीच मिळत नाही, आडवे छेद क्रमाने लावून तो जुळवावा लागतो.

क्रम लावताना आधी ॲक्सोनीम बघा. कडेला नऊ जोड-नलिका आणि मध्ये दोन सुट्या नलिकांऐवजी एकच जाड दंडगोल. ही 9+'1' रचना आहे. अहवालात सवयीने 9+2 लिहिलं जातं, ते टाळा. जोड-नलिकांच्या जागी एकेरी नलिका दिसल्या आणि मधला दंडगोल गायब असला, तर तुम्ही ॲक्सोनीमच्या टोकाशी आहात. पेशीपटलाच्या लगेच आत सूक्ष्मनलिकांची रांग असते. ती मधल्या भागात दाट असते आणि टोकांकडे विरळ होत जाते. सेंट्रिओल (ॲक्सोनीम जिथून सुरू होतो ती रचना) ज्या टोकाला, ते पुढचं टोक. केंद्रक दिसलं की तुम्ही मागच्या भागात आलात.

आता सगळ्यात जास्त घोटाळा होतो ती जागा: ॲक्सोनीम एक की दोन? मागूरमधला नेहमीचा पट्टकृमी म्हणजे लायटोसेस्टस. मोघे यांनी 1925 मध्ये वर्णन केलेला लायटोसेस्टस इंडिकस याच वंशातला. हा कॅरिओफायलिडिया गणातला, खंड नसलेला कृमी, जननेंद्रियांचा एकच संच असलेला. या गणात शुक्राणूला एकच ॲक्सोनीम असतो. बोथ्रिओसेफॅलस, लिगुला, डायफिलोबोथ्रियम यांच्यात दोन असतात. पण ते दोन एकमेकांशी पुढेमागे सरकलेले असल्यामुळे दोन-ॲक्सोनीमवाल्या शुक्राणूच्या दोन्ही टोकांच्या छेदांतही एकच दिसतो. म्हणून चार-पाच छेदांत एकच दिसला एवढ्यावर निष्कर्ष काढू नका. उलट बाजूनेही फसायला होतं: दोन धागे चिकटलेले असले की दोन ॲक्सोनीम असल्यासारखं वाटतं. दोघांभोवती मिळून एकच पटल आहे का, ते मोठ्या वर्धनावर बघा.

खात्रीचा पुरावा वृषणात मिळतो. शुक्राणू तयार होताना पेशीच्या कडेला एक शंकूसारखा भाग दिसतो. त्यात दोन सेंट्रिओल, त्यांच्यामध्ये पट्ट्यापट्ट्यांचा एक घट्ट भाग, आणि सेंट्रिओलना जोडलेली रेघारेघांची मुळं असतात. दोन-ॲक्सोनीमवाल्यांत दोन्ही सेंट्रिओलपासून कशाभिका (चाबकासारखे धागे) फुटतात, वळतात आणि मधल्या पेशीद्रव्याच्या फाट्याला जुळतात. कॅरिओफायलिडियात एकच कशाभिका वाढते, दुसरा सेंट्रिओल तसाच राहून जातो. बा आणि मार्शाँ या संशोधकांनी 1995 मध्ये मांडलेले शुक्राणू-निर्मितीचे चार प्रकार याच फरकांवर उभे आहेत. माझ्या मते फक्त पक्व शुक्राणूंची चित्रं देऊन वृषण वगळणारं काम अर्धवटच असतं.

पुढच्या टोकाशी पटलाखाली घट्ट द्रव्याचा एक उंचवटा असतो, त्याला क्रेस्टेड बॉडी म्हणतात. तो बोथ्रिओसेफॅलिडियात असतो, कॅरिओफायलिडिया आणि डायफिलोबोथ्रिडियात नसतो. जुना स्यूडोफायलिडिया गण मोडून 2008 मध्ये दोन गण वेगळे केले... म्हणजे बोथ्रिओसेफॅलिडिया आणि डायफिलोबोथ्रिडिया. त्या फरकाला शुक्राणूतलं हे लक्षणही जुळतं. तुमच्या कृमीत तो उंचवटा सापडला, तर आधी ओळख पुन्हा तपासा.

आता फिक्सेशन. बर्फातल्या माशातला कृमी टीईएमसाठी वाया गेलेला समजा. मागूर हवेतूनही श्वास घेतो, बाजारात जिवंत मिळतो, तोच घ्या आणि आतडं लगेच उघडा. कृमी 0.9% मिठाच्या द्रावणात धुवा. नळाच्या पाण्यात तो फुगतो आणि पटलं फाटतात. काचेखाली दाबून सपाट करणं रंगवलेल्या स्लाइडसाठी ठीक, इथे नको. जिवंतपणीच 2.5% ग्लुटराल्डिहाइडमध्ये टाका (0.1 मोलर सोडियम कॅकोडायलेट बफर, पीएच 7.4, 4 अंश से.) आणि त्यातच 1 मिमीहून लहान तुकडे करा. तुकडा मोठा राहिला तर मधलं वृषण कच्चं राहतं. बफरने नीट धुऊन 1% ऑस्मियम टेट्रॉक्साइड 1 तास. मग अल्कोहोल, प्रोपिलीन ऑक्साइड, रेझिन. ऑस्मियमची वाफ डोळ्यांना घातक आणि कॅकोडायलेटमध्ये आर्सेनिक, तेव्हा फ्यूम हूडबाहेर काही उघडू नका.

थेट अतिसूक्ष्म छेद घेऊ नका. आधी 1 मायक्रॉनचा छेद टोल्युइडिन ब्लूने रंगवून वृषण आणि शुक्रवाहिनी कुठे आहेत ते पाहा, रेझिनचा ठोकळा तेवढ्यापुरता तासा, मग चंदेरी रंगाचे छेद उचला. चित्रात गोल काळे डाग विखुरलेले दिसले तर ते बहुतेक लेड कार्बोनेट असतं. लेड सायट्रेटने रंगवताना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे ते तयार होतं. ताटलीत सोडियम हायड्रॉक्साइडचे खडे ठेवा आणि त्या वेळी ताटलीवर श्वास सोडू नका.

शुक्राणूतले बारीक कण ग्लायकोजेनचे आहेत असं लिहायचं असेल तर नुसत्या दिसण्यावर जाऊ नका. थिएरी पद्धतीने तपासा: पिरिऑडिक ॲसिड, थायोकार्बोहायड्रॅझाइड, सिल्व्हर प्रोटिनेट. ग्रिड (छेद ठेवायच्या बारीक जाळ्या) सोन्याच्या घ्या, तांब्याच्या ग्रिडशी चांदीची अभिक्रिया होऊन सगळं चित्र मळकं होतं. सोबत पिरिऑडिक ॲसिड न दिलेली एक ग्रिड ठेवा. तिच्यातही कण काळे दिसले तर ते ग्लायकोजेन म्हणून मोजू नका.