युरोपातलं जुनं संगीत आणि लोकसंगीत एकत्र वाजवणारे गट आहेत का? बेळगावच्या आमच्या भजनी मंडळाला त्यातून काही घेता येईल का?

आहेत की! जॉर्डी साव्हाल यांनी १९७४ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलमध्ये उभा केलेला हेस्पेरियन आणि क्रिस्टिना प्लुहार यांचा २००० सालचा लार्पेजियाता, या दोन गटांपासून सुरुवात करा. मला प्लुहारबाई जास्त आवडतात. दक्षिण इटलीचा तारांतेला, म्हणजे तिथला जलद लोकनाच, त्यांच्याकडे अगदी पेटतो.

घेण्यासारखं म्हणजे चाकोन या जुन्या युरोपीय संगीतप्रकाराची रीत. खर्जात एकच छोटी ओळ फिरत राहते आणि वरचा वादक जागच्या जागी सुचेल ते वाजवतो. तबलावादनात मागे फिरत राहणारी धून असते ना, तो लेहराच म्हणा.

पेटी मात्र बाजूला ठेवा. तिचे स्वर सप्तकाच्या बारा समान वाटण्यांचे, या मंडळींची जुळणी बहुधा वेगळी आणि पट्टीही पुष्कळदा खालची, जुळणीचा 'ए' हा स्वर ४४० ऐवजी ४१५ हर्ट्झ. एकतारी, तुणतुणं हवं तसं जुळवता येतं. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर वाजतं ते चौंडकं तर घ्याच: काखेत धरून तार ताणली की सूर चढतो, सैल सोडली की घसरतो. आतड्याच्या तारांच्या व्हिओलशेजारी, म्हणजे गजानं वाजवायच्या जुन्या युरोपीय वाद्याशेजारी, ते झकास लागेल. व्हिओल नसेल तर चेलोवर भागवा.

आणि कुणी नाक मुरडलंच, तर सांगा, लोकधुनांतून राग काढणारे कुमार गंधर्व इथल्याच सुळेभावीचे.