बेळगावात सुगम्यता तपासणीचे काम: पहिल्या कामाचेही पैसे घ्या

तुम्ही चार मित्र बेळगावात हे काम सुरू करू इच्छिता. एक जण व्हीलचेअर वापरणारा, एक अल्पदृष्टी असलेला, एक कर्णबधिर आणि हिशेब पाहणारे तुम्ही स्वतः. कारखाने, शाळा, दवाखाने आणि दुकाने दिव्यांगांना कितपत वापरता येतात हे तपासून ती सुधारून द्यायची, असा तुमचा विचार आहे. त्यासाठी संस्था काढावी की कंपनी, ओळख व्हावी म्हणून पहिली कामे विनामूल्य करावीत का आणि आपल्या भागात यासाठी पैसे देणारे कोणी आहे का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत. लहानपणी झालेल्या पोलिओमुळे मी कॅलिपर आणि कुबडी वापरते. गेली अकरा वर्षे आमचा पाच जणांचा गट बेळगाव, खानापूर आणि निपाणी परिसरात हेच काम करीत आहे, त्या अनुभवावरून लिहिते.

मधल्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकी दोन्ही प्रश्नांचे उत्तर त्यातच दडलेले आहे. विनामूल्य काम करू नका, पहिलेसुद्धा नाही. आम्ही पहिली तपासणी एका शिक्षणसंस्थेची केली आणि एक रुपयाही घेतला नाही. दोन दिवस तीन मजली इमारत मोजली, छायाचित्रांसह सविस्तर अहवाल लिहिला, आणि संस्थेने स्नेहसंमेलनात शाल-श्रीफळ देऊन आमचा सत्कार केला. व्यासपीठाला चार पायऱ्या होत्या. आमच्या व्हीलचेअर वापरणाऱ्या सहकाऱ्याला चौघांनी खुर्चीसकट उचलून वर नेले, आणि टाळ्या वाजत असताना त्याने मान खाली घातली ती वर केली नाही. वर्षभराने पुन्हा गेलो तेव्हा अहवाल कपाटात होता आणि इमारतीत एक वीटही हललेली नव्हती. त्यानंतर उद्यमबागेतील एका मशीन शॉपच्या मालकांकडून आम्ही आठ हजार रुपये घेतले. त्यांनी अहवालातील एकेका मुद्द्यावर आमच्याशी वाद घातला, दोन मुद्दे आम्हाला पटवून मागे घ्यायला लावले, आणि उरलेल्यांसाठी महिन्याभरात गवंडी व फॅब्रिकेटर बोलावून काम पूर्ण केले. ज्याने पैसे मोजले आहेत तो सल्ला तपासून पाहतो आणि मग वापरतोही. शिवाय पैसे घेतल्यामुळे तुमचा मित्र त्या आवारात मदत मागायला आलेला माणूस राहत नाही, तो तज्ज्ञ म्हणून आत जातो. अहवालावर सही त्याचीच असू द्या.

आता ही तज्ज्ञता नेमकी कशात असते ते सांगते, कारण समोरचा माणूस हे विचारणारच. बहुतेक ठिकाणी रॅम्प असतो, पण तो कोणी चढून पाहिलेला नसतो. नियमाचा उतार एकास बारा आहे, म्हणजे जेवढा चढ त्याच्या बारापट लांबी. दाराशी 15 सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या असतील तर चढ 45 सेंटिमीटरचा होतो आणि रॅम्पची लांबी 5.4 मीटर लागते. प्रत्यक्षात दीड मीटर जागेत सिमेंटचा उतार ओतून काम संपवलेले असते. त्यावरून मागे कोणी नसताना व्हीलचेअर वर जात नाही आणि खाली येताना ती माणसाला पुढे फेकते. दाराची मोकळी रुंदी 900 मिलिमीटर हवी. ही रुंदी चौकटीची मोजायची नसून दार उघडल्यावर उरणाऱ्या जागेची मोजायची, आणि इथे अनुभवी कंत्राटदारही चुकतात. स्वच्छतागृहाचे दार आत उघडत असेल तर आत गेलेल्या व्हीलचेअरमुळे ते बंदच होत नाही. ही गोष्ट नकाशावर दिसत नाही, वापरणाऱ्याला मात्र पहिल्या मिनिटात कळते. अल्पदृष्टी असलेला तुमचा मित्र एकाच रंगाच्या चकचकीत ग्रॅनाइटच्या पायऱ्या उतरताना थबकेल, आणि प्रत्येक पायरीच्या कडेला ठसठशीत पिवळी पट्टी ओढण्याची सूचना तिथेच तयार होईल. तिला खर्च जवळजवळ काहीच नाही.

बेळगाव हे फाउंड्री आणि मशीन शॉपचे गाव असल्यामुळे कर्णबधिर सहकाऱ्याचे काम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. कर्णबधिर कामगारांना गोंगाटाचा त्रास होत नाही, अशा समजुतीने त्यांना सर्वांत मोठ्या आवाजाच्या विभागात नेमलेले मी अनेकदा पाहिले आहे. त्यांच्यापैकी पुष्कळांना थोडेफार ऐकू येत असते आणि उरलेली श्रवणशक्तीही तिथे जाते, म्हणून कानांचे संरक्षण त्यांनाही हवेच. फोर्कलिफ्ट मागे येताना वाजणारा हॉर्न, क्रेनची घंटा, आगीचा भोंगा हे सर्व इशारे आवाजाचे असतात, म्हणजे त्या कामगारापर्यंत ते पोहोचतच नाहीत. लुकलुकणारे दिवे, वळणावर गोल आरसे, जमिनीवर रंगवलेला चालण्याचा मार्ग आणि पाळी सुरू होताना दिल्या जाणाऱ्या सूचना खुणांच्या भाषेत, एवढ्याने चित्र बदलते. आमच्या कर्णबधिर सहकाऱ्याने एका कारखान्यात अर्धा तास नुसते उभे राहून जे टिपले, ते तिथल्या सुरक्षा अधिकाऱ्यांच्या यादीत नव्हते.

येथे एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. दिव्यांग असणे म्हणजे तपासनीस असणे नव्हे. मला पायऱ्यांचा त्रास कळतो, पण अंध व्यक्तीला मोकळ्या मैदानासारख्या रुंद प्रवेशकक्षात दिशा सापडत नाही, हे मला सहकाऱ्याकडून शिकावे लागले. केंद्र सरकारची 2021 ची सुगम्यतेची एकत्रित मार्गदर्शक तत्त्वे चौघांनीही वाचा, टेप आणि उतारमापक हातात घेऊन सराव करा, आणि प्रत्येक ठिकाणी किमान दोघांनी वेगवेगळे फिरून नंतर नोंदी जुळवा.

पैसे देणारे कोण, याविषयी. दिव्यांगजन अधिकार अधिनियम 2016 मधील कलम 21 प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचे असते, आणि वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनांना त्यात दिव्यांगांसाठीच्या सोयींचा तपशील द्यावा लागतो. उद्यमबाग, मच्छे आणि होनग्यातील कितीतरी कारखाने या मर्यादेत येतात, पण मालकांना ते माहीत नसते. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम्य करण्यासाठी नियम लागू झाल्यापासून पाच वर्षे दिली होती, ती मुदत 2022 मध्येच संपली. सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 च्या निकालात, सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणे कायद्याशी विसंगत आहे असे सांगून बंधनकारक नियम करण्याचा आदेश दिला. हे सर्व मालकाला सांगा, पण दंडाची भीती घालून बोलणे सुरू करू नका. अपघातात पाय गमावलेला त्याचा जुना कामगार परत कामावर येऊ शकेल का, या प्रश्नापासून सुरुवात केली की तो ऐकतो. आमची निम्मी कामे अशाच एखाद्या माणसामुळे मिळाली आहेत.

तुमचे खरे बलस्थान भाषा आहे, आणि तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेखही नाही याचे मला आश्चर्य वाटले. आपल्याकडे एकाच काउंटरवर खानापूरची मराठी, बैलहोंगलची कन्नड आणि चंदगडहून दवाखान्यासाठी आलेल्या माणसाची मराठी ऐकू येते. अंध माणूस मोबाइलवर किंवा संगणकावर स्क्रीन रीडर वापरतो. स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम. संगणकावर विनामूल्य मिळणारा एनव्हीडीए मराठी आणि कन्नड दोन्ही वाचून दाखवू शकतो, परंतु अक्षरे युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक भाषेच्या अक्षराला स्वतःचा संकेत देणाऱ्या पद्धतीत, असतील तरच. आपल्या भागातील असंख्य परिपत्रके, अर्ज आणि अहवाल अजून जुन्या श्रीलिपी किंवा नुडी फॉन्टमध्ये टाइप होतात. त्यांत देवनागरी किंवा कन्नड अक्षराचा केवळ आकार दिसतो, आत साठवलेली असतात ती रोमन अक्षरे आणि चिन्हे, त्यामुळे स्क्रीन रीडर निरर्थक आवाज काढतो. स्कॅन करून चढवलेला कागद तर त्याला कोरा असतो. असे दस्तऐवज युनिकोडमध्ये आणून त्यांना शीर्षके आणि वाचनाचा क्रम लावून देणे हे घरबसल्या करता येणारे, सतत मिळणारे काम आहे. मराठी आणि कन्नड दोन्ही येणारे अंध तपासनीस मोठ्या शहरांतील कंपन्यांकडे क्वचितच असतात, बेळगावात मात्र ते सापडतात. खुणांच्या भाषेचेही तसेच आहे: मराठी घरातील आणि कन्नड घरातील कर्णबधिर मुले एकमेकांशी सहज बोलतात, अडचण येते ती लेखी सूचनेपाशी, कारण ती कोणत्या भाषेत लिहायची हे त्यांना कोणी विचारलेले नसते.

कंपनी की संस्था, यावर मी फार वेळ घालवणार नाही. सेवा विकून जगायचे असेल तर भागीदारी किंवा एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) पुरेशी आहे, देणग्या आणि कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा (सीएसआर) निधी हवा असेल तर कंपनी कायद्याच्या कलम 8 खालील ना-नफा कंपनी किंवा न्यास काढावा लागेल. दोन्ही मार्गांनी काम उभे राहिलेले आहे. मुंबईची बॅरियरब्रेक आणि बेंगळुरूची विंध्या ई-इन्फोमीडिया या कंपन्यांनी मोठ्या संख्येने दिव्यांगांना नोकरीत घेऊन व्यवसाय केला, तर आपल्याच बेळगाव जिल्ह्यातून गेलेल्या महांतेश किवडसण्णवर यांनी मित्रासोबत 1997 मध्ये बेंगळुरूला दिव्यांगांसाठी काम करणारा समर्थनम न्यास सुरू केला. तुम्ही पहिली दोन वर्षे साध्या भागीदारीतच राहा, आणि चौघांचा मोबदला समान ठरवून लिहून ठेवा.

गावांत जायचे असेल तर ग्रामपंचायतीतील पुनर्वसन कार्यकर्त्यांना आधी भेटा. कर्नाटकात या मानधनाच्या कामावर दिव्यांग व्यक्तीच नेमली जाते, आणि कोणत्या घरातील कोण वर्षानुवर्षे बाहेर पडलेले नाही हे तिला नावानिशी माहीत असते. खानापूरच्या डोंगराळ भागात रॅम्पच्या आधी पावसाळ्यातील चिखलाची वाट हा प्रश्न असतो, तो तीच सांगू शकते.

प्रत्येक कामाच्या करारात तीन महिन्यांनंतरच्या पुनर्भेटीची तारीख आणि तिचे शुल्क आधीच लिहा, आणि अहवालात दुरुस्त्या तीन भागांत द्या: याच आठवड्यात होणाऱ्या, बजेट लागणाऱ्या आणि इमारतीत बदल करावा लागणाऱ्या. खडेबाजार किंवा गणपत गल्लीतील जुन्या दुकानांपुढे 5.4 मीटर जागा कधीच मिळणार नाही. तिथे उचलता येणारा रॅम्प, मागचे दार किंवा दाराशी एक घंटा, असा तोडगा मालकासोबत उभे राहूनच शोधावा लागतो. आमचे मोजमापाचे तक्ते मराठी आणि कन्नड दोन्हींत आहेत, हवे असल्यास पाठवते. त्यातील पहिला रकाना तुमच्या मित्राच्या व्हीलचेअरच्या रुंदीचा आहे, तेवढा आजच मोजून भरून ठेवा.