सोलापुरातील टॉवेल कारखान्याच्या कामगारांना सुरक्षेचे ऑनलाइन प्रशिक्षण द्यायचे आहे. कोणती पद्धत आणि कोणते सॉफ्टवेअर निवडावे?

सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी मागाजवळ उभे राहून कामगार नेमका कोठे अडतो आणि कोठे धोका पत्करतो, हे पाहावे. १९७५ मध्ये फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात अमेरिकी सैन्यासाठी घडवलेल्या ‘अ‍ॅडी’ या प्रशिक्षण आखण्याच्या पद्धतीची पहिली पायरी, म्हणजे विश्लेषण, हीच आहे, आणि माझ्या मते घाईत सर्वप्रथम तीच वगळली जाते. उद्दिष्टही कृतीच्या भाषेत लिहावे: ‘सुरक्षेचे महत्त्व समजेल’ असे नव्हे, तर ‘धागा तुटल्यावर माग बंद करूनच हात घालेल’ असे.

आपल्याकडे कारखान्यांत मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडही बोलली जात असल्याने मजकूर कमी, आवाज व चित्रफीत अधिक ठेवावी, आणि प्रत्येक धडा मोबाइलवर पाच मिनिटांत संपेल इतकाच असावा.

प्रसंग दाखवून निर्णय घ्यायला लावणाऱ्या धड्यांसाठी आर्टिक्युलेट स्टोरीलाइन हे सॉफ्टवेअर उत्तम आहे, पण ते महाग पडते. लहान कारखान्याने मूडल (धडे ठेवून ते कामगारांपर्यंत पोहोचवणारी प्रणाली) आणि एचफाइव्हपी (संवादी धडे बनवण्याचे साधन) या मुक्त-स्रोत साधनांपासून सुरुवात करावी. सशुल्क साधन घेतलेच, तर धडा स्कॉर्म या, वेगवेगळ्या प्रशिक्षण प्रणालींत चालणाऱ्या प्रमाणित स्वरूपात निर्यात होतो याची खात्री करावी, म्हणजे पुढे प्रशिक्षणाची प्रणाली बदलली तरी तो बहुधा नव्याने बांधावा लागत नाही.