टर्बो बदलण्याआधी साबणाचं पाणी

प्रश्न : मी कराडजवळ राहतो. २०१२ ची फियाट लिनिया टी-जेट सेकंड हँड घेतली आहे. घरच्या शेडमध्ये सवडीने मॉडिफाय करायची आहे. पुण्याहून येताना खंबाटकी चढायला लागलं की ३००० आरपीएमच्या पुढे गाडी दम सोडते आणि बोनेटखालून ‘सूंऽऽ’ असा आवाज येतो. मोठा टर्बो, रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम बदलणं) आणि धूर शुद्ध करणारा कॅटलिटिक कन्व्हर्टर काढून सरळ पाइप, असा बेत आहे. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक

उत्तर : गाडी छान निवडलीत. रांजणगावात बनलेली ही लिनिया म्हणजे आपल्याकडच्या हौशी माणसाला परवडणारी खरी टर्बो पेट्रोल सेडान. १३६८ सीसीचं इंजिन, ११४ हॉर्सपॉवर आणि अवघ्या २२०० आरपीएमला २०७ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर. पण आज तुमची गाडी यातलं किती देते, हे तुम्हाला माहीत नाही. ते कळेपर्यंत मोठ्या टर्बोचं नावही काढू नका.

तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून माझा पहिला संशय दाबाच्या गळतीवर आहे. टर्बो म्हणजे इंजिनच्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा; त्याने दाबलेली हवा इंटरकूलरमधून, म्हणजे तिला थंड करणाऱ्या जाळीतून, इंजिनकडे जाते. वाटेतला रबरी होज इतक्या वर्षांत कडक होतो, क्लिपखाली चिरतो. हवा बाहेर गेली की ठरलेला दाब गाठायला टर्बो जास्त वेगाने फिरतो. त्याचा शाफ्ट आधीच मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेत असतो. म्हणजे गाडी ओढत नाही आणि टर्बो मात्र झिजतो. अशा गाडीला मोठा टर्बो लावला, तर त्याची हवाही त्याच चिरेतून जाईल.

गळती घरीच शोधता येते. इंजिन थंड आणि बंद असताना एअर फिल्टरकडून येणारा पाइप टर्बोच्या तोंडापासून सोडवा. तिथे बसेल अशा मापाची पीव्हीसीची टोपी घ्या, तिला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व बसवा आणि टोपी होजच्या तुकड्याने, दोन्हीकडे क्लिप आवळून, पक्की करा. ब्रीदरचा, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर नेणारा, पाइप वेगळा काढून बंद करा. आता गेज असलेल्या पंपाने हळूहळू १० पीएसआयपर्यंत हवा भरा. १५ च्या वर अजिबात नको; ऑइल सील उगाच ताणले जातात. टोपीच्या समोर उभं राहू नका, सुटली तर गोळीसारखी येते. मग भांड्यांच्या साबणाचं पाणी स्प्रेच्या बाटलीत भरून प्रत्येक जोडावर मारा. बंपरच्या आत इंटरकूलरला होज जोडला जातो ती जागा नीट बघा, हात घालून खालची बाजूही चाचपा. वरून धडधाकट दिसणारा होज खालून फाटलेला सापडतो. जिथे फेस फुगेल तिथे तुमची हरवलेली ताकद आहे.

टोपी काढल्यावर टर्बोचा शाफ्टही बोटांनी हलवून पाहा. बाजूला किंचित हलला तर चालतं, पण पातं टर्बोच्या बाहेरच्या कवचाला घासता कामा नये. पुढे-मागे मात्र खेळ जाणवला तर टर्बो उतरवायची वेळ आली. सोबत चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत हवा किती दाबली जाते ते, मोजून घ्या. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची पावती नसेल, तर तो बदललेलाच नाही असं समजा. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका, स्टँड लावा. हे मी कितीही वेळा सांगेन.

आता रीमॅप. इथे मला तुमच्याशी मनापासून बोलायचं आहे, कारण इथेच चांगली इंजिनं जातात. २०१५ मध्ये अबार्थ पुंटो आपल्याकडे आली. इंजिन हेच १.४ टी-जेट, पण ताकद १४५ हॉर्सपॉवर. टॉर्क किती? २१२. म्हणजे ताकदीत सुमारे तीस घोड्यांची वाढ आणि टॉर्कमध्ये फक्त ५ ची! लिनियाचा टॉर्क ५००० आरपीएमला साधारण १६० वर उतरलेला असतो. अबार्थ ५५०० लाही १८५ च्या आसपास धरून ठेवते. ताकद आली ती वरच्या आरपीएमला टॉर्क टिकवून. खाली जोर वाढवून नव्हे.

बाजारातले बरेच मॅप नेमकं उलटं करतात. २००० आरपीएमलाच एकदम बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, देतात, कारण पहिल्या राइडला पाठ सीटला चिकटते आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण क्लच, गिअरबॉक्स, पिस्टन, कनेक्टिंग रॉड यांना मारतो तो हाच खालचा टॉर्क. ट्यूनरला सांगा, २५०० च्या आत टॉर्क कंपनीइतकाच ठेव, वर काय देता येतं ते बघ. नॉकिंगचा, म्हणजे इंजिनात पेट्रोल अवेळी भडकल्याचा, लॉग (नोंद) मागून घ्या, आणि तोही एप्रिल-मेच्या उन्हातला. डिसेंबरच्या थंड हवेत सुखरूप चालणारा मॅप मे महिन्यात पिस्टन फोडू शकतो. रोज जे पेट्रोल भरणार, त्यावरच मॅप करून घ्या.

सरळ पाइपचं उत्तर एका शब्दात : नाही. कॅटलिटिक कन्व्हर्टर काढलेली गाडी प्रदूषणाच्या नियमात बसत नाही. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. रीमॅपही विमा कंपनीपासून लपवू नका. अपघातानंतर क्लेम अडकला तर घरच्यांना त्रास.

होज, क्लिप, बेल्ट, प्लग आणि ताजं सिंथेटिक ऑइल एवढं करून पुन्हा खंबाटकी चढा. मग चारही सिलिंडरच्या कॉम्प्रेशनचे आकडे आणि डायनोवरचा (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावरचा) मूळ मॅपचा आलेख मला पाठवा. वाढीव ताकद पेलायला क्लच कुठला घ्यायचा, ते त्यावरून सांगतो.