उठण्याची वेळ सोडू नकोस

प्रिय,

तुझा मेल रात्री पावणेतीनला आला. सोबत रेझ्युमेच्या तीन आवृत्त्या आणि प्रश्न एकच, यातली कुठली पाठवू? मी उलट विचारलं, सकाळी किती वाजता उठतोस, आणि तू चिडलास. ‘अकरा-साडेअकरा, पण त्याचा इथे काय संबंध?’ संबंध आहे. तो सांगायलाच हे पत्र.

तू हुशार आहेस, कष्टाळू आहेस, हे मी लिहीत बसणार नाही. मुलाखतीच्या शेवटच्या फेरीतून परत यावं लागलं म्हणून माणूस कमी ठरत नाही, हेही तुला कळतं.

सध्या तू अर्ज मोजतोयस. इतके पाठवले, उत्तर एकाचंही नाही. अरे, उत्तर तुझ्या हातात कधी होतं? कुठे आतलाच माणूस ठरलेला असतो, कुठे बजेट अडकतं, कुठे भरतीच थांबते. पोर्टलवर मात्र तुझा अर्ज महिनोन्महिने ‘विचाराधीन’ दिसत राहतो. त्या एका शब्दाकडे दिवसातून कितीदा बघतोस? उशाशी फोन, डोळा लागत नाही म्हणून पुन्हा इनबॉक्स, मग पहाटे झोप, मग एकदम दुपार. असा दिवस गेला की संध्याकाळी वाटणारच, आपल्याच्यानं काही होणार नाही. उठण्याची वेळ सोडू नकोस. बाकीचं मी नंतर ऐकेन.

1930 च्या सुमारास व्हिएन्नाजवळच्या मारिएन्थाल गावातली कापडगिरणी बंद पडली आणि जवळपास अख्खं गाव बेकार झालं. मारी याहोडा ही सामाजिक मानसशास्त्रज्ञ आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथे जाऊन लोकांचे दिवस कसे जातात ते पाहिलं. वेळ हवा तेवढा होता, तरी ग्रंथालयातून पुस्तकं नेणं जवळपास निम्म्यावर आलं होतं. पुरुष रस्त्यानं रेंगाळत चालायचे, मध्येच थांबायचे. बहुतेकांनी घड्याळ वापरणं सोडलं होतं. आज काय केलं, असं विचारलं तर धड सांगता येत नव्हतं. आळशी माणसं नव्हती ही, गिरणीत राबलेली होती. नोकरीबरोबर पगार जातो हे सगळ्यांना दिसतं. दिवसाचा सांगाडाही जातो, हे कुणी बोलत नाही. तो आता तुझा तुलाच उभा करायचाय, आणि त्याची सुरुवात सकाळपासून होते.

आमचा विभाग बंद झाला तेव्हा मी रोज सहाला उठायचे. आंघोळ करून, बाहेरचे कपडे घालून टेबलाशी बसायचे. दुपारी एकला लॅपटॉप बंद. त्यानंतर काही झालं तरी जाहिराती बघायच्या नाहीत. घरचे म्हणायचे, कुणासाठी चाललाय हा देखावा? त्यांना तो हेका वाटला, अजूनही वाटतो. वाटू दे. त्या हेक्यानं नोकरी मिळवून दिली असं मी म्हणत नाही. पण मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा मी नीट झोपत होते, जेवत होते, चार वाक्यं सलग बोलू शकत होते. याचं श्रेय मी दुसऱ्या कशालाही देणार नाही.

माझ्याबरोबरच नोकरी गेलेली एक मैत्रीण होती. दुपारी चारला फोन केला तरी म्हणायची, ‘झोपले होते गं.’ पुढे तिनं फोन उचलणं सोडलं. तिला आणखी त्रास नको म्हणून मीही मागे लागले नाही. ते आजही सलतं. म्हणून तुझ्या मागे लागतेय, आणि तुला राग आला तरी लागणार आहे.

फोन दुसऱ्या खोलीत ठेव. रात्री कितीही वाजता झोप लागो, उठायचं ठरल्या वेळी. उठल्या उठल्या उजेडात बाहेर पड, अर्धा तास चाल. सकाळच्या उजेडानं शरीराचं घड्याळ लवकरच्या वेळेकडे सरकतं आणि काही दिवसांत रात्रीची झोपही वेळेवर यायला लागते. सात तास तरी झोप हवीच. व्यायामाचं भलंमोठं वेळापत्रक आखू नकोस, तू ते मोडशील आणि वर स्वतःलाच दोष देशील. नकार आला त्या संध्याकाळी लोळ, रड, कुणाशी बोलू नकोस. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र सवलत नाही.

हे करूनही दोन आठवडे सलग मन उदासच राहिलं, कशातच गोडी वाटेना, तर डॉक्टरांकडे जायचं. जगणंच नको वाटलं तर दोन दिवसही थांबायचं नाही, मला कुठल्याही वेळी फोन करायचा. यात शरम कसली?

आणि माणसं टाळू नकोस. नोकरीची खबर जिवलगांपेक्षा लांबच्या ओळखीतून जास्त येते, हे मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं 1970 च्या दशकातच दाखवलं. जवळच्यांना जे ठाऊक असतं ते बहुधा तुलाही ठाऊक असतं. पण लांबच्या माणसाला फोन करायला उभारी लागते, आणि तो सकाळी, कामाच्या वेळेत करावा लागतो. तेव्हा तू झोपलेला असतोस! बघ, पुन्हा तिथेच आलो.

पहिल्या नोकरीतल्या ज्या वरिष्ठांबद्दल तू भरभरून बोलायचास, त्यांना गुरुवारी सकाळी दहाला फोन कर. नोकरी मागू नकोस. त्यांच्याकडे सध्या काय काम चाललंय ते विचार, तू शोधात आहेस हे सरळ सांग. बोलणं झालं की लगेच मला कळव, मी वाट बघतेय.