कंटेम्प्लेटिव्ह प्रेयर, स्टिलनेस आणि आपला 'उगी'

मालवण तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय की त्यांच्या चर्चमध्ये उपवासकाळात कंटेम्प्लेटिव्ह प्रेयरचं, म्हणजे शब्द सोडून देवासमोर नुसतं बसण्याच्या प्रार्थनेचं, शिबिर झालं, आता त्याचं मराठी पत्रक काढायचंय, तर 'कंटेम्प्लेटिव्ह प्रेयर' आणि 'स्टिलनेस' या दोन शब्दांना मराठीत काय लिहायचं? कोणी 'चिंतनशील प्रार्थना' सुचवलंय, कोणी नुसतं 'ध्यान', आणि एका काकांनी ध्यान हा आपला ख्रिस्ती शब्दच नाही म्हणून हरकत घेतलीय. शिवाय शिबिरात जपायला 'मारानाथा' असा शब्द दिला होता, त्याचा आणि आपल्या नाथाचा काही संबंध आहे का, हेही त्यांना हवंय.

ताई, पहिलं सांगून टाकतो, 'चिंतनशील' नको. मराठीत चिंतन म्हणजे विचार करणं. चिंतनपर लेख असतो, राजकीय पक्षांचं चिंतन शिबिर असतं, आणि चिंता हा शब्दही त्याच घरातला. तुमच्या शिबिरात जे शिकवलं ते तर विचार थांबतो तिथून पुढचं आहे. पत्रकात चिंतन वाचून माणूस येणार, डोळे मिटून बसणार आणि काहीतरी थोर विचार करायला लागणार, आणि मग म्हणणार की मला जमत नाही बुवा. चूक त्याची नाही, शब्दाची आहे.

हा घोळ कुठून आला ते बघा. बाराव्या शतकात गुईगो नावाचा एक मठवासी होऊन गेला, कार्थुसियन संघाचा, त्याने प्रार्थनेची चार पायऱ्यांची शिडी लिहून ठेवलीय: लेक्तिओ, मेदितात्सिओ, ओरात्सिओ, कोन्तेम्प्लात्सिओ. आधी शास्त्रपाठ वाचायचा, मग तो मनात घोळवायचा, मग देवाशी बोलायचं, आणि शेवटी बोलणंही संपतं आणि नुसतं त्याच्यासमोर असायचं. म्हणजे मूळच्या ख्रिस्ती परंपरेत मेडिटेशन ही विचाराची पायरी आणि कंटेम्प्लेशन ही निःशब्द पायरी. आता इंग्रजीत मेडिटेशन म्हटलं की लोकांना डोळे मिटून गप्प बसणं आठवतं, त्यामुळे सगळं उलटंपालटं होतं आणि आपल्याकडे भाषांतर करणारा बिचारा डिक्शनरी उघडून कंटेम्प्लेशनला चिंतन लिहून मोकळा होतो. मेदितात्सिओला 'मनन' हा शब्द अगदी चपखल आहे. उपनिषदातली श्रवण, मनन, निदिध्यासन ही त्रयी जुन्या मराठी वाचकाला माहितीच असते, आणि त्यातलं निदिध्यासन कंटेम्प्लेशनच्या बरंच जवळ जातं, पण तो शब्द पत्रकात छापला तर वाचणारा तिथेच पत्रक मिटेल.

आता ध्यान. काकांची हरकत मला पटत नाही, पण ती उडवून लावण्यासारखीही नाही, कारण शब्दाबरोबर त्याचं सामान येतंच. तरी मग देव, भक्ती, उपवास, प्रार्थना हे कुठले? मराठी ख्रिस्ती माणसाने उच्चारलेला जवळजवळ प्रत्येक पवित्र शब्द त्याच्या आधीपासून या मातीत होता. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडातून आलेला जेज्वीट, म्हणजे येशू संघाचा धर्मगुरू, त्याने आपल्या शेजारच्या गोव्यात राशोलला १६१६ साली क्रिस्तपुराण छापलं, मराठी ओवीत, आणि स्वर्गाला बिनदिक्कत 'वैकुंठ' म्हटलं. चारशे वर्षांपूर्वी वैकुंठ चाललं, तर आज ध्यानाला काय अडचण? रोमनेही, म्हणजे व्हॅटिकनने, १९८९ साली ख्रिस्ती ध्यानाबद्दल बिशपांना एक पत्र पाठवलं होतं, त्यात पौर्वात्य पद्धतींबद्दल सावध केलंय, म्हणजे आसन किंवा श्वास म्हणजेच प्रार्थना असं समजू नका वगैरे, पण त्या सरसकट टाकून द्या असं म्हटलेलं नाही.

माझी अडचण वेगळी आहे. मराठीत ध्यान शब्दाला रूप चिकटलेलं आहे. 'सुंदर ते ध्यान उभे विटेवरी' यातलं ध्यान म्हणजे डोळ्यांसमोरची मूर्ती, बघायची ती. (आणि 'काय ध्यान आहे!' हेही त्याच अर्थाचं उतरलेलं पिल्लू.) म्हणून जेज्वीट संघाचा संस्थापक संत इग्नेशियस ज्याला कंटेम्प्लेशन म्हणतो त्याला ध्यान एकदम फिट बसतं. त्याच्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकात, ज्याला १५४८ साली पोपची मान्यता मिळाली, शुभवर्तमानातला प्रसंग डोळ्यांसमोर उभा करायचा असतो, बेथलेहेमची गुहा, तिथली माणसं, कोण काय बोलतंय, आपण कुठे उभे आहोत, सगळं. रिट्रीटला जेज्वीट फादर आले आणि 'कंटेम्प्लेशन करा' म्हणाले तर ते हे असतं. त्याला ध्यान लिहा, बिनधास्त. पण तुमच्या पत्रकातली प्रार्थना तशी नाही, तिच्यात चित्र नाही, प्रसंग नाही, शब्दही एखादाच. एकच इंग्रजी शब्द दोन उलट गोष्टींना वापरला जातो, तेव्हा शिबिराचं नाव न बघता आत काय करायला लावतात ते बघून मराठी शब्द निवडायचा.

स्टिलनेसला लोक काय काय लिहितात बघा. 'स्तब्धता' लिहिलं की शोकसभा आठवते, दोन मिनिटं स्तब्ध उभे राहून श्रद्धांजली. 'मौन' हे तोंडाचं, आणि तोंड बंद करून आत दिवसभराचा बाजार भरवता येतो. 'निश्चलता' पुस्तकी. 'शांतता' बरा आहे पण फार वापरून गुळगुळीत झालाय, हॉस्पिटलच्या भिंतीवर 'शांतता राखा' असतं तोच. 'निवांत' मला खूप आवडतो, त्याचं नातं संस्कृत 'निवात'शी जोडतात, म्हणजे वारा नसलेली जागा, गीतेच्या सहाव्या अध्यायात निवात जागी न हलणाऱ्या दिव्याचा दृष्टांत आहे तोच निवात. किनाऱ्यावर राहणाऱ्याला वारा पडणं म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. पण आज निवांत म्हणजे सुट्टी, चहा आणि खुर्ची, त्याला काय करणार.

तर मला जो शब्द सुचवायचाय तो आपल्या घरातलाच आहे, उगी. रडणाऱ्या पोराला मांडीवर घेऊन आपण 'उगी, उगी' म्हणतो ना, तो. जुन्या मराठीत उगा, उगला म्हणजे गप्प, स्वस्थ, न हलणारा. आता त्याचं 'उगाच' होऊन विनाकारण असा अर्थ राहिलाय, पण मूळ अर्थ बाळाजवळ टिकून आहे. आणि आपल्याकडे सिंधुदुर्गात, गोव्याच्या बाजूच्या ख्रिस्ती घरांत तर तो रोजचा आहे, 'ओगी राव' म्हणजे गप्प राहा.

हा शब्द मला का योग्य वाटतो ते सांगतो, कारण गंमत म्हणून सुचवत नाहीये. स्टिलनेसवर बोलणारा प्रत्येक जण स्तोत्र ४६ मधलं दहावं वचन सांगतो, शांत राहा आणि मी देव आहे हे जाणा, अशा अर्थाचं. तिथे हिब्रूत जे क्रियापद आहे, हार्पू, त्याचा अर्थ सैल सोडा, हात खाली घ्या, धरलेलं सोडून द्या. आजूबाजूला त्या स्तोत्रात काय चाललंय? डोंगर समुद्रात कोसळतायत, राष्ट्रं खवळलीयत. म्हणजे हे लायब्ररीतलं 'शांतता राखा' नाही, घाबरून मुठी आवळलेल्या माणसाला म्हटलेलं 'उगी' आहे. आणि मग स्तोत्र १३१ वाचा, तीनच वचनांचं आहे, त्यात माणूस म्हणतो की मी माझा जीव शांत केलाय, आईजवळच्या दूध तोडलेल्या बाळासारखा. अंगावर पिणारं मूल नव्हे, दूध तोडलेलं! अंगावरचं मूल आईजवळ आलं की धडपडतं, शोधतं, रडतं, कारण त्याला काहीतरी हवंय. दूध तोडलेलं मूल नुसतं बसतं. त्याला आई हवी असते, बस.

आता हे आपल्या भाषेजवळ ठेवून बघा. कोकणी ख्रिस्ती माणूस प्रार्थनेला 'मागणें' म्हणतो. आपल्या गावच्या देवळात गाऱ्हाणं घालतात, 'व्हय म्हाराजा'. सगळी प्रार्थना बोलण्याची आणि मागण्याची, आणि त्यात वाईट काही नाही, येशूनेच मागायला शिकवलं, रोजची भाकर मागायला शिकवली. पण मागून झाल्यावरही तिथेच बसून राहणं याला आपल्याकडे वेगळं नाव नव्हतं. गोष्ट मात्र होती. माझी आय संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, संपली की पोरं उठून पळायची तरी उठायची नाही. जपमाळ मुठीत गोळा करून बिस्किटाच्या जुन्या डब्यात ठेवायची, डब्याचं झाकण लावायची नाही, हात तसाच डब्यावर, ओठ हलत नसायचे. कोणी 'आय, जेवण?' विचारलं की 'ओगी राव मरे' एवढंच. तिला कंटेम्प्लेशन हा शब्द कुणी सांगितलेला नव्हता. तुमचं पत्रक अशा बायकांच्या हातात जाणार आहे ताई, त्यांना वाटलं पाहिजे की अरे हे तर मी करतेच.

म्हणून माझा सल्ला असा, मथळ्यात 'निःशब्द प्रार्थना' लिहा, छापायला नीट आणि अर्थाला बरोबर, आणि त्याखाली पहिल्याच ओळीत 'देवाजवळ उगी राहणं' असं लिहा. स्टिलनेसला जिथे नामच हवं असेल तिथे 'स्थिरता' चालेल, पण जमेल तिथे क्रियापद वापरा, उगी राहा, उगी बसा. मराठीला भाववाचक नामांपेक्षा क्रियापदं जास्त मानवतात हे माझं जुनं मत आहे.

एक धोका आहे, उगी बसणं म्हणजे डुलकी काढणं किंवा मन कोरं करून बसणं असं कोणी समजेल. त्याला पत्रकात एक वाक्य द्या. खाडीत भरती लागताना गुडघाभर पाण्यात पाग, म्हणजे फेकायचं जाळं, घेऊन उभा असलेला माणूस आठवा, अंगातलं काही हलत नाही, पण झोपलाय का तो? सगळा डोळ्यांत आलेला असतो. तसं.

रोजच्या जगण्यात हे कसं करायचं तेही त्यात हवं, नाहीतर नुसती व्याख्या छापून काय उपयोग. सेंटरिंग प्रेयर ही जी पद्धत आहे, अमेरिकेत मॅसेच्युसेट्समधल्या स्पेन्सरच्या ट्रॅपिस्ट मठात १९७० च्या दशकात थॉमस कीटिंग, विल्यम मेनिंजर आणि बेसिल पेनिंग्टन या तिघांनी मांडलेली, तिच्यात वीस मिनिटं, दिवसातून दोनदा, एक छोटा पवित्र शब्द मनाशी धरायचा आणि विचार आले की त्यांच्याशी भांडत न बसता हळूच त्या शब्दाकडे परत यायचं. विचार येणारच. ईएमआयचा येईल, कोळंबीच्या भावाचा येईल, सासूचा येईल. परत यायचं, एवढंच काम. ज्यांना वीस मिनिटं घरात मिळत नाहीत, आणि आपल्या बहुतेक बायकांना मिळत नाहीत, त्यांच्यासाठी ब्रदर लॉरेन्सचं उदाहरण द्या, सतराव्या शतकातला पॅरिसच्या कार्मेल मठातला साधा ब्रदर, मठाच्या स्वयंपाकघरात काम करायचा आणि सांगायचा की भांड्यांच्या गोंगाटातही देव आपल्याला वेदीसमोर असतो तितकाच जवळ असतो. एसटीची वाट बघताना मोबाईल पिशवीत ठेवून बसणं, चर्चमध्ये आंजेलुसच्या प्रार्थनेची घंटा झाली की हातातलं सुरीसकट खाली ठेवणं, यातून सुरुवात होते. सुरीसकट हे मुद्दाम लिहिलंय, कारण हार्पू म्हणजे तेच, हात सैल.

'नुसती बसलेली म्हणजे रिकामटेकडी' असं घरचे म्हणतील असंही तुम्ही लिहिलंय. ही तक्रार नवीन नाही, लूकच्या दहाव्या अध्यायात मार्था हेच म्हणते, काम सोडून येशूच्या पायाशी ऐकत बसलेल्या बहिणीबद्दल, मरीयेबद्दल, आणि येशूने मरीयेची बाजू घेतली. फक्त तो प्रसंग सांगताना मार्थाला झोडपू नका, चूल तिनेच पेटवली होती.

राहिलं मारानाथा. आपल्या नाथाशी काहीही संबंध नाही. तो अरामी भाषेतला शब्द आहे, येशूच्या बोलीतला, 'प्रभू, ये' असा अर्थ होतो, आणि करिंथकरांस पहिल्या पत्राच्या शेवटी, १६:२२ ला, पौलाने तो ग्रीकमध्ये भाषांतर न करता तसाच ठेवलाय. तो जपायला सांगितला जॉन मेन या बेनेडिक्टाइन फादरने. फादर व्हायच्या आधी १९५०च्या दशकात ते मलायात (आजच्या मलेशियात) नोकरीला होते, तिथे स्वामी सत्यानंद नावाच्या हिंदू साधूकडून मंत्राने ध्यान करायला शिकले, आणि पुढे तीच वाट त्यांना चौथ्या शतकातल्या वाळवंटातल्या ख्रिस्ती साधूंकडे सापडली. चार अक्षरं सारख्या लांबीची म्हणायची, मा-रा-ना-था, शेवटच्या 'था'वर अभंगासारखा हेल काढायचा नाही. त्यांनी हा शब्द घेतला त्याचं एक कारण असं की परक्या भाषेतला असल्यामुळे त्याच्यामागे मनात चित्रं उभी राहत नाहीत. आपल्या मराठी कानाची इथे पंचाईत होते, कारण आपल्याला 'हे नाथा' ऐकू येतंच येतं. माझं मत विचाराल तर आलं तर येऊ द्या आणि जसे बाकीचे विचार सोडता तसं तेही सोडा. पण एखाद्या आजीला दर वेळी तिथेच अडकायला होत असेल तर तिला 'येशू' किंवा 'अब्बा' (म्हणजे बाबा) द्या, चालतं, आणि पत्रकात तसं स्पष्ट लिहा.